टॅपेट, द्रवीय

अंतर्ज्वलन-एंजिनात कॅम आणि झडप यांच्यामधील यांत्रिक मोकळीक वंगण तेलाच्या साहाय्याने आपोआप शून्यावर राखणारे साधन. यास ‘द्रवीय झडप-उत्थापक’ असेही म्हणता येईल. तथापि मोटारदुरुस्तीच्या व्यवसायात ‘हायड्रॉलिक टॅपेट’ हेच नाव रूढ आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन मोटारगाड्यांत त्याचा सर्वत्र प्रसार झाला. भारतीय बनावटीच्या गाड्यांत मात्र ते पुढील चाळीस वर्षे जवळजवळ आले नाही. प्रस्तुत नोंदीत या साधनाची रचना व इतिहास यांबरोबरच या विलंबाच्या कारणांचा विचार केला आहे. मुंबई–पुणे मार्गावरील गाड्यांची खरी परीक्षा रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातून चढणाऱ्या बोरघाटात होत असे. म्हणून तेथील परिस्थितीचा विशेष निर्देश केला आहे.

झडपेची मोकळीक : चार धावांच्या एंजिनात इंधनमिश्रण आत घेण्यासाठी व जळालेले वायू बाहेर टाकण्यासाठी प्रत्येक सिलिंडराला निदान दोन झडपा असतात. भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरणाऱ्या कॅमदंडावरील उंचवटा टॅपेटला वर ढकलतो. टॅपेट आपली गती ढकलदांड्यामार्फत रॉकर या तरफेला देतो आणि तरफ झडप उघडते. झडप बंद करण्याचे काम स्प्रिंग करते. एंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असता प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते.

एंजिन तापले की झडपेचा दांडा, ढकलदांडा व सिलिंडराचा माथा यांचे प्रसरण होते; परंतु ते सारखे होत नाही. थंड स्थितीत हे सर्व भाग एकमेकांस टेकलेले ठेवले, तर उष्ण स्थितीत झडप आपल्या बैठकीवर पूर्णपणे टेकणार नाही. निष्कास झडप आपली बरीचशी उष्णता बैठकीमार्फतच बाहेर देत असल्याने ती न टेकल्यास तिची कड लवकरच जळते. हे टाळण्यासाठी यंत्रणेत एंजिनाच्या प्रकारानुसार सु. ०.१ ते ०.५ मिमी. एवढी मोकळीक मुद्दाम ठेवतात. ती पोलादी पट्ट्यांच्या ‘फीलर गेज’ने मोजतात व रॉकरवरील स्क्रू फिरवून साधतात. मिस्त्री लोक याला ‘टॅपेट सेट करणे’ म्हणतात.

मोकळिकीचे दोन तोटे आहेत. प्रत्येक वेळी कॅमचा उंचवटा ही फट ओलांडून टॅपेटवर आदळतो, त्यामुळे टिकटिक असा आवाज येतो व झीज होते. दुसरे असे की, ही मोकळीक कायम राहत नाही. रॉकर, ढकलदांडा व टॅपेट झिजल्याने ती वाढते, तर झडपेची बैठक झिजल्याने ती कमी होते. म्हणून ठराविक अंतर धावल्यावर ती पुन्हा मोजावी लागते.

रचना व कार्य : बाहेरून द्रवीय टॅपेट एखाद्या साध्या पोकळ दंडगोलासारखा दिसतो. जनरल मोटर्सच्या प्रसिद्ध ‘व्ही-८’ एंजिनांतील टॅपेटचा व्यास सु. २१ मिमी. असतो. या दंडगोलात अत्यंत काटेकोर मापाचा एक लहान पोकळ दट्ट्या बसविलेला असतो. दट्ट्याच्या वरच्या बैठकीवर ढकलदांडा टेकतो. दट्ट्याच्या तळाशी एकदिश झडप असते. ती म्हणजे बहुधा एक छोटी गोळी किंवा चकती असते. तिच्या खाली दाबकोष्ठ व त्यात एक हलकी स्प्रिंग असते. एंजिनाच्या मुख्य तेलवाहिनीतून येणारे तेल दंडगोलाच्या बाजूच्या छिद्राने दट्ट्याच्या पोकळीत शिरते.

कॅमचा गोल भाग टॅपेटखाली असतो तेव्हा झडप मिटलेली असते व यंत्रणेवर झडपेच्या स्प्रिंगचा भार नसतो. या क्षणी आतील हलकी स्प्रिंग दट्ट्याला वर सारून सर्व मोकळीक भरून काढते. दाबकोष्ठात जेवढी जागा वाढते तेवढे तेल एकदिश झडपेतून खाली उतरते. पुढे कॅमचा उंचवटा टॅपेट उचलू लागताच दाबकोष्ठातील दाब एकदम वाढतो, एकदिश झडप मिटते आणि तेल आत कोंडले जाते. द्रव जवळजवळ असंपीड्य असल्याने दंडगोल व दट्ट्या आता जणू एकच घन तुकडा होऊन वर जातात.

कोंडलेल्या तेलावरील दाबाचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. झडप पूर्ण उघडताना स्प्रिंगचा जोर ८० किग्रॅ. व रॉकरचे गुणोत्तर १.५ धरल्यास दट्ट्यावर १२० किग्रॅ. भार येतो. दट्ट्याचा व्यास १६ मिमी., म्हणजे क्षेत्रफळ सु. २ चौ. सेंमी. असल्यास दाब दर चौ. सेंमी.ला सु. ६० किग्रॅ. भरतो. याच बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीच्या जलविद्युत् केंद्राशी याची तुलना करता येईल. १९१५ पासून वीज देणाऱ्या या केंद्रात लोणावळ्याच्या बाजूचे पाणी सु. ५२५ मी. उंचीवरून नळांतून खाली येते व त्याचा दाब दर चौ. सेंमी.ला सु. ५२ किग्रॅ. होतो. सह्याद्रीचा सारा कडा उतरून आलेल्या पाण्याएवढा दाब, बोटाच्या पेराएवढ्या या साधनातील तेल सेकंदातून अनेकदा सोसते. तेलपंपाचा दाब त्या मानाने अल्प, म्हणजे दर चौ. सेंमी.ला दोन ते चार किग्रॅ. असतो. तेव्हा झडप उचलण्याचे काम पंपाचा दाब करीत नाही; ते कोंडलेले तेल करते. पंप केवळ गळलेले तेल भरून देतो.

ही गळती दोष नसून कार्याचा आवश्यक भाग आहे. दट्ट्या व दंडगोल यांमध्ये मिमी.च्या काही सहस्रांश भागांएवढीच, म्हणजे सु. ०.००५ मिमी., फट ठेवतात. दाबाखाली या फटीतून थोडे तेल निसटते व प्रत्येक उचलीत दट्ट्या किंचित खाली बसतो. एंजिन तापून भाग प्रसरण पावले किंवा बैठक झिजून झडप वर सरकली, तरी या गळतीमुळेच टॅपेट आखूड होऊ शकतो आणि झडप मिटण्यास अडथळा येत नाही. गळती अजिबात नसेल, तर झडप जळेल. ती फार असेल, तर झडप पुरी उघडणार नाही व आवाज येईल. या दोन टोकांमधील समतोल फटीच्या मापावर आणि तेलाच्या श्यानतेवर अवलंबून असतो.

इतिहास : मोकळीक तेलाने भरून काढण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील आमेदे बोले यांनी १९१० च्या सुमारास अशा साधनाचे पेटंट घेतले होते. परंतु त्या काळी एंजिनांतील वंगणाची व्यवस्था, तेलाची शुद्धता व काटेकोर मापाचे घर्षणकाम यांपैकी काहीच पुरेसे प्रगत नव्हते. १९३० मध्ये कॅडिलॅक कंपनीने आपल्या सोळा सिलिंडरांच्या एंजिनात तेलाच्या दाबाने मोकळीक नाहीशी करणारी योजना बसविली. श्रीमंत ग्राहकांना एंजिनाचा आवाज जाणवू नये, हा तिचा हेतू होता. १९३३ मध्ये पिअर्स-ॲरो या कंपनीने टॅपेटमध्येच सामावलेले द्रवीय साधन उत्पादनात आणले व तेव्हापासून आजच्या स्वरूपातील द्रवीय टॅपेटचा प्रारंभ मानला जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे साधन महागड्या गाड्यांतून मध्यम किंमतीच्या गाड्यांत आले. १९४९ मध्ये कॅडिलॅक व ओल्डस्मोबिल यांची नवी व्ही-८ एंजिने द्रवीय टॅपेटसह बाहेर पडली. १९५० मध्ये शेव्हरोलेने स्वयंचलित गतिबदलाच्या ‘पॉवरग्लाइड’ गाड्यांच्या सहा सिलिंडरी एंजिनात त्यांचा अवलंब केला आणि १९५६ पर्यंत तिच्या सर्व सहा सिलिंडरी प्रवासी गाड्यांत ते रूढ झाले. ब्रिटनमध्ये रोल्स-रॉइसने १९५९ च्या व्ही-८ एंजिनात त्यांचा वापर केला.

वेगवान शर्यतींच्या गाड्यांनी मात्र द्रवीय टॅपेट टाळला. अतिवेगात स्प्रिंगला झडप वेळेवर मिटविता येत नाही व यंत्रणेत क्षणभर फट पडते. द्रवीय टॅपेट ही फट खरी मोकळीक समजून तेल भरून घेतो. परिणामी झडप बैठकीपासून उचललेली राहते व शक्ती घटते. तेव्हा शांतता व निगेतून सुटका ही या साधनाची देणगी, तर वेगाची मर्यादा ही त्याची किंमत होय.

भारतातील स्थिती : मुंबई हे भारतातील मोटार-जुळणीचे आद्य केंद्र होय. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला व तेथे शेव्हरोले गाड्या तयार होऊ लागल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे क्राइस्लर कंपनीच्या डॉज व प्लिमथ या गाड्या बनविण्यास सुरुवात केली. या गाड्यांच्या सहा सिलिंडरी एंजिनांत झडपा सिलिंडराच्या बाजूस असून टॅपेट घन स्वरूपाचे व स्क्रूने जुळविण्याचे होते.

पुढील घटनाक्रम या साधनाच्या भारतातील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. १९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाने अशी शिफारस केली की, ज्या कंपन्यांकडे क्रमाक्रमाने देशातच सुटे भाग निर्माण करण्याची योजना आहे, त्यांनाच परवानगी असावी. केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी यानंतर काढता पाय घेतला. जनरल मोटर्सचा शिवडी येथील कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. म्हणजे द्रवीय टॅपेट अमेरिकेतील सामान्य माणसाच्या गाडीत पोहोचत असतानाच अमेरिकन गाड्या मुंबईतून जात होत्या. मागे उरलेल्या कंपन्यांनी लहान यूरोपीय गाड्यांची निवड केली. प्रीमिअरने १९५४ पासून फियाट ११००, हिंदुस्थान मोटर्सने १९५७ पासून अँबॅसडर आणि स्टँडर्डने १९६१ पासून हेरल्ड या गाड्या काढल्या. या सर्वांचे टॅपेट घन होते. फियाटचीच पुढील रूपे १९७० नंतरच्या दशकात प्रीमिअर प्रेसिडेंट व पद्मिनी या नावांनी निघाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी त्याच होत. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीतही मोकळीक हातानेच साधावी लागे.

हा केवळ मागासलेपणा होता असे म्हणणे योग्य नाही. द्रवीय टॅपेटला दोन गोष्टी लागतात : दट्ट्या व दंडगोल यांच्या निवडून जुळविलेल्या जोड्या आणि कायम स्वच्छ राहणारे तेल. धातूची वाण नव्हती. खोपोली येथेच महिंद्र युजीन स्टील कंपनीचा मिश्र पोलादाचा कारखाना १९६० नंतरच्या दशकात उभा राहिला व मोटारउद्योग त्याचा महत्त्वाचा ग्राहक होता. परंतु हजारो जोड्या मिमी.च्या सहस्रांश भागापर्यंत अचूक घासून निवडणे खर्चिक होते आणि स्पर्धा नसलेल्या बाजारात तो खर्च करण्यास उत्पादकाला प्रयोजन नव्हते. तेलाची अडचण त्याहून मोठी होती. धुळीचे रस्ते, लांबणीवर टाकलेले तेलबदल व सुट्या स्वरूपात विकले जाणारे पुनःप्रक्रियित तेल यांमुळे ०.००५ मिमी.च्या फटीत कण व राळ साचण्याचा धोका कायमच असे. घन टॅपेट अशा तेलात वाजत वाजत का होईना पण चालतो. द्रवीय टॅपेट अडकून बसतो. फीलर गेजची जोडी व जाणता मिस्त्री मात्र प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळत असे.

बोरघाटातील कसोटी : कर्जत व खालापूर हे तालुके कोकणची सपाटी व सह्याद्रीचा माथा यांच्या सांध्यावर वसलेले आहेत. घाट चढण्याचे दोन मार्ग येथूनच निघतात. १८६३ मध्ये पूर्ण झालेला लोहमार्ग कर्जतहून चढतो व तेथे गाडीला ढकलणारी जादा एंजिने जोडतात. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन मॅल्कम यांच्या कारकीर्दीत खुला झालेला गाडीरस्ता खोपोलीहून चढतो. खोपोली समुद्रसपाटीपासून सु. ६० मी., तर खंडाळा सु. ५५० मी. उंचीवर आहे. हा सारा चढ दहा-बारा किमी.त होतो. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण होईपर्यंत मुंबई–पुणे वाहतुकीचा सर्व भार याच रस्त्यावर होता. शिंगरोबाच्या मंदिरापाशी नाणे टाकून पुढे जाण्याची चालकांची प्रथा या वाटेच्या धास्तीचीच खूण म्हणावी लागेल.

भरलेल्या मालमोटारींच्या मागे खालच्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीला समोरून वारा कमी मिळतो, परंतु एंजिनावर भार सतत राहतो. पाणी उकळणे हा त्याचा दृश्य परिणाम. तेल तापणे हा न दिसणारा. त्या काळी प्रचलित असलेल्या ‘३०’ प्रतीच्या तेलाची श्यानता ४०° से.ला सु. १०० सेंटिस्टोक असते, ती १००° से.ला ९ ते १२ पर्यंत उतरते. श्यानता नऊ-दहा पटींनी घटली की फटीतून होणारी गळतीही तितक्याच पटींनी वाढते. घाट चढून खंडाळ्यास गाडी थांबविली व एंजिन मंद गतीने चालू ठेवले, की तेलपंपाचा दाब नीचतम आणि गळती उच्चतम अशी स्थिती येते. जुन्या अमेरिकन गाड्यांचे द्रवीय टॅपेट नेमके येथे वाजू लागत व एंजिन निवल्यावर गप्प होत. संस्थानिक, चित्रपटव्यावसायिक व उद्योगपती यांच्याकडील, तसेच परकीय वकिलातींकडून पुढे विकल्या गेलेल्या अशा गाड्या थोड्या असल्या, तरी मुंबई–पुणे रस्त्यावर अपरिचित नव्हत्या.

घन टॅपेटच्या गाडीवर याच चढाचा परिणाम उलटा होई. तापलेल्या निष्कास झडपेचा दांडा लांबून मोकळीक कमी होई, म्हणजे आवाज घटे. मोकळीक आधीच कमी ठेवलेली असेल, तर झडप टेकेनाशी होऊन तिची कड जळे आणि गाडीचा जोर जाई. म्हणून घन टॅपेटच्या बाबतीत हलका आवाज हे सुरक्षिततेचे व शांतता हे धोक्याचे लक्षण ठरे, तर द्रवीय टॅपेटच्या बाबतीत शांतता हे आरोग्याचे व आवाज हे बिघाडाचे लक्षण ठरे. फियाट व अँबॅसडरवर कान तयार झालेल्या कारागिराला अमेरिकन एंजिनाची भाषा उलटी वाटे, याचे कारण हेच. आवाज आला म्हणून द्रवीय टॅपेटचा रॉकर घट्ट आवळण्याची चूक यातूनच संभवते. जास्त आवळल्यास दट्ट्या तळाला टेकतो, टॅपेट आखूड होण्याची सोय संपते व झडप जळते.

दोष, निदान व जतन : जुन्या गाड्यांच्या जतनाला अलीकडे महत्त्व आल्याने द्रवीय टॅपेटच्या दोषांचे निदान पुन्हा उपयुक्त ठरले आहे. गाडी सकाळी सुरू करताना काही सेकंद येणारा आवाज बहुधा निरुपद्रवी असतो. रात्रभर उघड्या राहिलेल्या झडपांखालील टॅपेटमधून तेल निथळलेले असते व ते लगेच भरून निघते. केवळ तापलेल्या एंजिनात मंद गतीला येणारा आवाज दट्ट्याची झीज, पातळ तेल किंवा झिजलेल्या धारव्यांमुळे घटलेला तेलदाब दर्शवितो. एकाच टॅपेटचा सततचा आवाज बहुधा एकदिश झडपेखाली कण अडकल्याचा किंवा दट्ट्या राळेने बसल्याचा असतो. सर्व टॅपेट एकदम वाजत असतील, तर प्रथम तेलाची पातळी पाहावी. ती कमी असल्यास पंप हवा ओढतो. फार जास्त असल्यास भुजादंड तेल घुसळून फेस करतो. तेलातील हवा दाबाखाली आक्रसते आणि कोंडलेला स्तंभ घन राहत नाही.

दुरुस्तीत दोन नियम अनिवार्य आहेत. एका टॅपेटचा दट्ट्या दुसऱ्या दंडगोलात घालू नये, कारण जोड्या निवडून जुळविलेल्या असतात. तसेच जुना टॅपेट काढल्यास तो त्याच कॅमवर परत बसवावा, कारण दोहोंचे पृष्ठ एकमेकांस अनुरूप झिजलेले असतात. ज्या एंजिनांत रॉकर नटाने जुळविता येतो, तेथे ढकलदांड्यातील फट नुकतीच नाहीशी झाल्यावर नट आणखी अर्ध्या ते एका फेऱ्याने आवळतात. यामुळे दट्ट्या आपल्या पल्ल्याच्या मध्याजवळ राहतो.

तेलाच्या निवडीत एक नवी अडचण उद्भवली आहे. सपाट तळाचे टॅपेट व कॅम यांच्यातील तीव्र दाबाच्या स्पर्शाला झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट या पुरकाचे संरक्षण लागते. त्यातील फॉस्फरसामुळे धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक निकामी होतात. म्हणून २००४ पासूनच्या अमेरिकन मानकांत कमी श्यानतेच्या तेलांतील फॉस्फरसाची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठेवण्यात आली. तेव्हा आधुनिक गाडीसाठी उत्तम असलेले तेल जुन्या एंजिनाला पुरेसे असेलच असे नाही; विशेषतः नवा कॅमदंड बसविल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात त्याची उणीव घातक ठरते.

उत्तरकाल : द्रवीय टॅपेट महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आला तो बोरघाटाच्या माथ्यापलीकडून. पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज टेंपो कंपनी मर्सिडीज-बेंझच्या परवान्याने जी ‘ओएम ६१६’ डीझेल एंजिने बनवी, त्यांत मोकळीक हातानेच साधावी लागे. पण १९९५ मध्ये पिंपरी येथे मर्सिडीजच्या ई-वर्गाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली, तेव्हा त्यांच्या एंजिनांत द्रवीय टॅपेट होते. सामान्य ग्राहकाला त्याची ओळख २००८-०९ पासून रॉयल एन्फील्डच्या नव्या एंजिनामुळे झाली. बुलेटचा टॅपेट दर काही महिन्यांनी जुळविण्याची पिढीजात सवय त्यामुळे सुटली. मात्र याच कंपनीने २०२० पासूनच्या ३५० घ. सेंमी. एंजिनांत पुन्हा स्क्रूने जुळविण्याची योजना स्वीकारली. धातू, पृष्ठसंस्कार व निर्मितीतील अचूकता सुधारल्यामुळे घन यंत्रणेची मोकळीक दीर्घकाळ टिकू लागली आणि घर्षणही कमी राहिले, हे त्याचे कारण होय. होंडासारख्या उत्पादकांनी आपल्या बहुतेक एंजिनांत घन यंत्रणाच पसंत केली.

यावरून असे दिसते की, द्रवीय टॅपेट हा घन टॅपेटवरील निर्विवाद विजय नव्हता. त्याने मिस्त्रीच्या हातातील काम काढून तेलाकडे सोपविले. जेथे तेल शुद्ध व वेळेवर बदललेले होते, तेथे त्याने लाखो किमी. निःशब्द सेवा दिली. जेथे तशी हमी नव्हती, तेथे फीलर गेजच अधिक भरवशाचा ठरला. खोपोली–खंडाळा चढावरील फियाट व अँबॅसडर गाड्यांची टिकटिक ही जुन्या तंत्राची खूण होती यात शंका नाही. परंतु उपलब्ध तेल, रस्ते व कारागीर यांच्याशी ते तंत्र सुसंगत होते, ही गोष्टही इतिहासकाराने नोंदविली पाहिजे.